भोपळ्याच्या बियांतला दात

आमच्या विहीणबाईंनी आजवर कुणाचा चेहरा म्हणून पाहिलेला नाही. पाहिले ते फक्त दात. माणूस हसतोय की रडतोय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. त्याचं तोंड उघडलं म्हणजे झालं, त्या आत डोकावतात. आष्टीपासून शिरूर कासारपर्यंत ज्याची म्हणून दाढ ठणकली असेल, त्याला या बाईनं एकदा तरी दंडाला धरून दवाखान्यात नेलेलं आहे. लोक पोटात दुखलं तर देवाचं नाव घेतात, दात दुखला तर विहीणबाईंचं.

त्या माझ्या सुनेच्या आई. मुलीकडच्या माणसांनी जरा दबून राहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी एकदा सांगायला गेले, तर त्यांचं सगळं लक्ष माझ्या डाव्या दाढेकडे. लग्न ठरवायला आल्या तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्यांनी माझ्या मुलाला दारातल्या उजेडात उभा केला आणि म्हणाल्या, "आ करा." बैलबाजारात जबडा उघडून बघतात तसं त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मुलगा बिचारा आ करून उभा. मग पदराला बोट पुसत म्हणाल्या, "घर बेताचंच हाय, पण दात लई चांगले. पोरगी दिली." आमच्या दारात म्हैस नाही हे मात्र त्यांना तेव्हाच खटकलं, आणि आजतागायत दर खेपेला त्या ते बोलून दाखवतात. म्हणे, "इहीणबाई, म्हशीबिगर घर म्हंजे बिनदाताचं तोंड."

त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. वाचता येत नाही, म्हणून कुठलं बटण दाबून धरलं की कोण बोलतं ते त्यांनी पाठ केलंय. एकच्या बटणावर शिरूरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई, दोनच्या बटणावर आष्टीचे दाताचे डॉक्टर, आणि तीनच्या बटणावर पोटची मुलगी. माझी सून यावरून पुष्कळदा रुसली. विहीणबाईंनी तिला एवढंच सांगितलं, "तुझा दात दुखला तरी मी आधी एकचंच बटण दाबणार हाय. मग कशाला भांडतीस?"

माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरदेव मंडपात गाल धरून बसला होता. बायका म्हणाल्या, लाजतोय. विहीणबाई दहा हातांवरून म्हणाल्या, "लाजणारा माणूस एकाच बाजूनं लाजत न्हाई." आणि त्या उठल्याच. वाजंत्री वाजत राहिली, भटजी घड्याळ बघत राहिला, आणि नवरदेव मुंडावळ्या कानामागं सारून दाताच्या खुर्चीत. परत आला तो अर्धं तोंड बधिर होऊन. अक्षता पडल्या, पण नाव घ्यायच्या वेळी त्याच्या तोंडातून जे आलं ते नवरीचं नाव होतं की आणखी कुणाचं, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. त्याची दाढ मात्र शाबूत आहे.

तर त्या रविवारची गोष्ट. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. नात माझ्यापाशी, अकरा वर्षांची. विहीणबाई तिला बघायला म्हणून आल्या होत्या आणि दुपारी दळण आणायला गिरणीवर गेल्या होत्या. एवढ्यात नात हापशावरून आली ती तोंड रक्तानं भरलेलं. हापशाचा दांडा उसळून तोंडावर बसला होता. वरचा पुढचा एक दात मुळासकट निघून तिच्या मुठीत. मी काही घाबरणारी बाई नाही. तोंड धुतलं, स्वच्छ फडकं दाबायला दिलं, आणि दात घेऊन अंगणात गेले. आमच्यात लेकराचा पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकतात, म्हणजे नवा दात सरळ येतो. माझ्या मुलाचे सगळे मीच फेकले. शेण हाताशी नव्हतं. म्हटलं, तसाच जाऊ दे, आणि भिरकावला पत्र्यावर.

विहीणबाई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आल्या. नातीकडे एकदाच बघितलं आणि डबा खाली ठेवला.

"दात कुठाय?"

"पत्र्यावर टाकला," मी म्हटलं. "येईल दुसरा."

"कावून टाकला?"

"कावून म्हणजे? पडलेला दात पत्र्यावर टाकत नाहीत तर काय देव्हाऱ्यात ठेवतात?"

"इहीणबाई," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "पोरगी अकराची. हितला दुधाचा दात सातव्या वर्षीच पडला. त्यावर आलेला ह्यो दुसरा. आता तिसरा देव देत न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पोरीचा जन्माचा दात मी माझ्या हातानं फेकला होता. पुढचाच. उद्या शाळेत ती तोंडावर हात धरून बोलेल, परवा तिला बघायला येतील तेव्हाही, आणि तो हात माझ्यामुळं असेल.

विहीणबाई तोवर शिडीवर होत्या. सत्तरीला टेकलेली बाई, लुगड्याचा काचा मारला आणि पत्र्यावर चढली. त्या पत्र्यावर मी आदल्या दिवशी भोपळ्याच्या बिया वाळत घातल्या होत्या. जुनेरावर टोपलीभर बिया, पांढऱ्या, चपट्या, दाताएवढ्याच. खाली अर्धी गल्ली जमली. वरून आवाज येऊ लागला, "बी. बी. बी. ही पण बीच." मधेच पत्रा वाजायचा आणि आमचा जीव वर. शेजारीण म्हणाली, "आवो, पडाल." वरून उत्तर आलं, "पडले तर माझे दात हुडकायची गरज न्हाई. कवळी कनवटीला हाय." आणि मग थोड्या वेळानं, अगदी थंड आवाजात, "बी... बी... दात."

मी राखुंडी घेऊन तयारच होते, घासून लख्ख करावा म्हणून. त्यांनी माझा हात धरला. "घासायचा न्हाई. मुळाला बोट लावायचं न्हाई. मुळाला जीव आसतो." दात चावायच्या टोकाला चिमटीत धरून त्या खाली आल्या होत्या, एका हातानं शिडी धरून. चहासाठी आणलेली दुधाची पिशवी फोडली, छोट्या डबीत दूध ओतलं आणि दात त्यात सोडला. मग एकचं बटण दाबलं. डॉक्टरीणबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आजी, आज रविवार आहे. दवाखाना बंद आहे."

"मी कुठं म्हणलं उघडा हाय? मी येतीय म्हणलं. पोरीचा दात मुळासकट पडलाय. दुधात घातलाय."

"दुधात? तासाच्या आत या. मी निघाले."

चौकात काळी-पिवळी जीप उभी होती, आणि जीपचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: भरल्याशिवाय हलायचं नाही. आत दोनच माणसं. ड्रायव्हर टपावर पाय सोडून बसलेला. म्हणाला, "आजी, गाडी भरू द्या." विहीणबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या जीपच्या पायरीवर उभ्या राहिल्या, डबी छातीशी धरली, आणि चौकभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दाताचा दवाखाना आज उघडतोय. ज्याचं दुखतंय त्यानं बसा. उद्या रडायचं न्हाई."

मला वाटलं, हसतील लोक. पण पारावरून एक म्हातारा उठला, दाढेत तंबाखू दाबून महिना काढलेला. किराणा दुकानातली बाई उठली, गालाला लवंगेचा लेप. न्हावी गिऱ्हाइकाला अर्धं करून आला. मागून गिऱ्हाईकही आलं, एका गालाला फेस तसाच, कारण त्याचीही अक्कलदाढ दुखत होती. सांगते, पाच मिनिटांत जीप भरली. गावात इतके लोक गाल धरून जगत होते आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. साऱ्या वाटेनं विहीणबाई मागं वळून एकेकाला आ करायला लावत होत्या आणि कुणी आधी जायचं ते ठरवत होत्या. नात माझ्या मांडीवर, डबी तिच्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला जीपभर माणसं एका सुरात म्हणायची, "दूध सांभाळ."

डॉक्टरीणबाई एका रुग्णासाठी आल्या होत्या, दारात नऊ उतरले. बघून त्यांनी बाह्या सारल्या. विहीणबाईंना त्या ओळखत होत्या. दात धुतला, जागेवर बसवला, बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधला. दोन आठवडे त्या दातानं काही तोडायचं नाही म्हणाल्या, वरचेवर दाखवायला आणा म्हणाल्या, आणि धरेल असं वाटतं म्हणाल्या. मी शेणाचं सांगितलं, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं, शेणात घातला नाही. मग अवघड होतं."

विहीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांच्या दारात म्हैस न्हाई, तेच बरं हाय."

परतताना जीपमध्ये सगळे बधिर, म्हणून शांतता होती. तेव्हा मी विचारलं, हे दातांचं वेड आलं कुठून. त्यांनी बाहेर बघत सांगितलं. तरुणपणी फडात ऊस तोडताना दाढ सुजली. दवाखाना लांब, आणि सुट्टी मिळेना. टोळीतल्या एकानं पकडीनं दाढ उपटली. मग दुसरी. चुकीचीही एक गेली. तिशीत तोंड रिकामं झालं. "साऱ्या हयातीत ऊस तोडला," म्हणाल्या, "पण तिशीनंतर एक कांडं दातानं सोललं न्हाई." एवढंच. पुढं त्यांनी न्हाव्याला आ करायला लावलं.

दात धरला. तार निघाली. हंगाम संपून मुलगा-सून परतले ते उसाची मोळी घेऊन. नात उंबऱ्यावर बसून कडेच्या दातांनी ऊस सोलायची, आणि दातासाठी राहिलेल्या विहीणबाई समोर बसून तो कडाकड आवाज ऐकत राहायच्या, दुसरं काही करायच्या नाहीत. मी एक दिवस चार गंडेऱ्या खलबत्त्यात कुटल्या, पिळल्या, आणि वाटीभर रस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हळूहळू संपवला. म्हणाल्या, "गाळायचा तरी व्हता." दुसऱ्या दिवशी त्या आपल्या गावी गेल्या.

घर आता शांत आहे. बियाही कधीच्या वाळल्या. काल माझी डावी दाढ जराशी ठणकली. लवंगेनं भागलं असतं. मी विहीणबाईंना फोन लावला.