उंच गाडी

शेजाऱ्यांच्या नव्या मोटरसायकलच्या कोऱ्या रेक्झिनचा वास जिन्यात आला, की मला शिसारी येते.

बाळांनो, तुमचे आजोबा उंचीनं कमी. औरंगपुऱ्यातल्या दुकानात एका ठेंगण्या गाडीवर बसल्यावर त्यांचे दोन्ही पाय नीट टेकले, चेहरा खुलला. सोबत आलेला त्यांचा एक मित्र म्हणाला, "ही तर पोरींची गाडी. ती उंचवाली घे, लई रुबाब दिसंल."

"तिच्यावर यांचे पाय टेकत नाहीत," मी म्हणाले.

"वहिनी, गाडी पायानं चालवतात व्हय?"

गुटख्यानं भरलेल्या तोंडानं विक्रेता हसला. आजोबाही हसले आणि उंच गाडीच घेतली. तेव्हा मला मित्राचा संताप आला होता. आता आजोबांच्या त्या हसण्याचा येतो.

पुढं प्रत्येक चौकात गाडी थांबली, की मी साडी सावरत उतरून ती मागून धरायचे आणि आजोबा ओळखीच्यांना रुबाबात हात करायचे.