चांगल्या पायाची पट्टी

तेव्हा मी ओझरच्या एका अँब्युलन्सवर मदतनीस होतो. पिंपळगावजवळ टेम्पोने सायकलवरून उडवलेल्या एका म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या पायाला मी फळी लावून झकास पट्टी बांधली. तो टोपीवरची धूळ झटकत निमूट बघत होता. दवाखान्यात कळलं, हा पाय नुसता खरचटलेला. मोडलाय तो दुसरा! डॉक्टर कडाडले, "कुणाचा हा गाढवपणा?" अपघाताची नोंद घ्यायला आलेल्या हवालदाराने माझ्याविरुद्ध तक्रारीसाठी कागद काढला. माझी नोकरी गेल्यात जमा होती.

म्हातारा म्हणाला, "म्याच सांगितलं त्याला. मोडला तो मोडला, ऱ्हायलेला तरी जप."

प्लास्टरला नेताना मी हळूच विचारलं, "बाबा, तेव्हाच का नाही बोललात?"

"लय मन लावून बांधत व्हतास रं पोरा. मधी बोलायचं जिवावर आलं."

तेव्हापासून बोंबलणारा पेशंट मला देवासारखा वाटतो. गप्प बसणाऱ्याचे मात्र मी दोन्ही पाय तपासतो.