लिंबावरून गेलेली गाडी

बाळांनो, तुमच्या आईने तुम्हाला फोनवर सांगितलं असेल की नवी गाडी अंगणाच्या दगडी गडग्याला लागली. ते खरं आहे, पण अपुरं आहे. म्हणून नीट लिहिते.

माझा मुंबईचा पुतण्या गणपतीआधी नवी गाडी घेऊन रत्नागिरीला आला. लालभडक, बसकी, रुंद गाडी. पुढचं नाक केवढं तरी लांब. इंजिन सुरू केलं की पडवीतली भांडी वाजायची. त्याने ती आमच्या गाडीशेजारी उभी केली. आमची तुम्ही पाहिली आहे: तीन चाकं, फायबरचं अंग, स्कूटरएवढं इंजिन, आत दोन माणसं आणि एक भाजीची पिशवी.

"काकू, ही माझ्या डिकीत टाकून नेऊ का?" तो म्हणाला.

"आधी तुझी आमच्या बोळात वळवून दाखव," आजोबा म्हणाले.

पूजा मी केली. चाकांखाली लिंबं ठेवली. घरातल्या वडीलधाऱ्याने गाडी त्यांवरून पुढे घ्यावी, असं पुतण्याचं म्हणणं पडलं. आजोबा आनंदाने बसले. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, असं त्याने त्यांना बजावलं.

"गाडी मला शिकवतोस?" आजोबा म्हणाले.

मी समोर निरांजन घेऊन उभी होते. वाऱ्याने ते विझलं. काडेपेटी आणायला मी पडवीची पायरी चढले, तेवढ्यात मागे आवाज झाला. वळून पाहिलं, तर मी उभी होते त्याच जागेवरून जाऊन गाडी गडग्यात घुसली होती आणि जांभ्याचे चिरे तिच्या नाकावर पडले होते. आत एअरबॅगची पांढरी पिशवी फुगलेली आणि आजोबा तिच्यामागे, दोन्ही हातांनी चाक धरून. त्यांना खरचटलंही नव्हतं. पुतण्याच्या हातात नारळ तसाच होता.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. आमच्या गाडीचं पेडल तळाला टेकवलं नाही, तर ती जागची हलत नाही. ती सवय आजोबांच्या पायात मुरली आहे.

पुतण्या एका शब्दानेही रागावला नाही. आजोबा मात्र जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बाजारात येतेस?" मी बसले. आमची गाडी नेहमीसारखीच कुरकुरत, चालत्या माणसाच्या वेगाने चढ चढू लागली. इतकी वर्षं त्या चढावर मी समुद्राकडे बघत आले. त्या दिवशी मी त्यांच्या पायाकडे बघत होते.

ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.

"रिक्षा बघ," ते म्हणाले.

मी नको म्हणाले नाही. रिक्षात आम्ही दोघंही समुद्राकडे बघत बसलो.