मंडईची शर्यत आणि माझे ब्रेक

हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण घरी चहाला कुणी आलं की सासूबाई तो सांगतातच, आणि त्यांच्या तोंडून ऐकलात तर मी त्यात आहे त्याहून जास्त वेडी निघते. तेव्हा कप हातात आहे तोवर माझ्याकडूनच ऐकून घ्या.

लग्नाला पाच महिने झाले होते. मी मुळातच कमी बोलणारी. सासरी आल्यावर तर 'हो', 'नाही' आणि 'वाढू का' एवढ्यावर माझं भागत होतं. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धं राहिलं होतं. कॉलेज ब्रह्मपुरीला, आमच्या गावापासून सात किलोमीटर. एस.टी. यायची तेव्हा यायची. माहेरून आणलेली माझी लेडीज सायकल गोठ्यात पोतं पांघरून उभी होती, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, ती बाहेर काढू देत नव्हते.

माणूस वाईट नाही हो, नुसता घाबरट.

"रस्त्यानं ट्रक चालते, मधी जंगल लागते. पडली-गिडली तं तिच्या बापाले काय तोंड दाखवू?"

"बाबा, शाळेत तीन वर्षं सायकलमधी पहिली आली आहे ती," आमचे हे म्हणाले. हे गावच्याच शाळेत मास्तर आहेत.

"तं मंडईच्या शर्यतीत नंबर आणून दाखव म्हणा. मंग जाय म्हणा कालेजले."

आता तीन वर्षं पहिली, ही गोष्ट खरीच. बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनीच ती छाती फुगवून सांगितली होती. कोणत्या शर्यतीत, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काय?

तुम्हीच बोला. आपल्याकडे स्नेहसंमेलनात मुलींची सायकल शर्यत कोणती असते? स्लो सायकल. चुन्याच्या दोन रेघा, सर्वांत शेवटी पोचेल ती पहिली, जिचा पाय जमिनीला लागेल ती बाद. मी त्यात अशी तयार होते की सायकल जागच्या जागी उभी ठेवायची, कावळ्यानं येऊन हँडलवर बसावं. मुलींनी जोरात सायकल मारायची शर्यत असते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच, नाटक. नदीपलीकडे नवा जिल्हा झाल्यापासून आमच्या गावातल्या खेळाच्या सरांना वाटायचं, इकडंही काही नवीन व्हावं. त्यांनी कुठल्याशा मासिकात फोटो पाहिला होता : परदेशातली माणसं चिखलातून, ओढ्यातून सायकली खांद्यावर टाकून पळताहेत. झालं. शनिवार-रविवार तशीच शर्यत. रिंगण असं : शाळेच्या मैदानातून निघायचं, कापणी झालेल्या धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून जायचं, मग दोन बांध्यांमधल्या हातभर रुंदीच्या धुऱ्यावरून, पुढे नाला, आणि परत मैदान. असे दोन फेरे. शनिवारी जी दोन फेरे पुरे करेल ती रविवारी फायनलला.

बायकांत आम्ही पाच जणी. हायस्कूलच्या दोन मुली, एक ग्रामसेविका, मी, आणि दवाखान्याच्या सिस्टर. या सिस्टर लशींचा डबा बांधून रोज पाच गावं सायकलनं फिरायच्या. पोटऱ्या पाहूनच घाम फुटावा.

सरांनी रस्ता नीट समजावला. नाल्यात सायकल खांद्यावर घ्यायची, हेही सांगितलं; म्हणजे तेवढ्यापुरते पाय टेकलेले चालतील, असं मी धरलं. जिंकणार कोण, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही आणि विचारायची मला.

शिट्टी झाली. चौघी सुसाट निघाल्या.

मला त्यांची कीव आली. एवढ्या शिकल्यासवरल्या सिस्टर, आणि पहिल्या झटक्याला हरल्या.

मी पदर खोचला, ब्रेकवर बोटं ठेवली आणि इंच इंच सरकू लागले. "चाला वहिनी, चाला!" लोक ओरडत होते. स्लो सायकलमध्ये बघणारे असेच ओरडून घाई करवतात, मी काय आज खेळते आहे? हे बाजूनं पळत आले.

"अगं, पायडल मार ना!"

मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्यानंही फितूर व्हावं, याचं मात्र वाईट वाटलं.

धुऱ्यावर पोचते तो सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आवं सूनबाई, अंडे उबवून राह्यली का वं तिथी?"

मी मान खाली घालून हसले. नाल्यात सायकल खांद्यावर घेतली तरी पावलं मोजून टाकली. तेवढ्यात सिस्टर घामाघूम होऊन मागून आल्या आणि पुढे निघून गेल्या. अरेरे, म्हटलं, हरलेलं मनाला इतकं लागलं की बाई पुन्हा चक्कर मारतायत.

माझे दोन फेरे होईस्तोवर अर्धी मंडई जेवून परत आली. पण नाला सोडला तर पाय एकदाही टेकला नाही. शेवटची रेघ ओलांडली, उतरले, दोन्ही हात वर केले. मग थेट मामाजींपाशी गेले, वाकून नमस्कार केला, आणि लग्नानंतरचं माझं पहिलं पूर्ण वाक्य सगळ्या गावादेखत बोलले :

"मामाजी, मी नंबर आणला."

मामाजींनी आशीर्वादाला उचललेला हात तसाच अधांतरी राहिला. पाळण्यावाल्यानं पाळणा थांबवला. आणि मग जे हसू फुटलं, ते नदीपलीकडच्या नव्या जिल्ह्यात ऐकू गेलं असेल.

घरी येईपर्यंत मला सगळं कळलं होतं.

"स्लो सायकल होती, हे तू मले सांगितलं काऊन नाही?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही."

"आता हे विचाराचं असते का?"

मामाजी जेवताना ताटाकडे पाहत म्हणाले, "उद्या घरीच राह्य म्हणा. झाली तेवढी शोभा पुरे." माझ्या डोळ्यांसमोर सायकलीवर पुन्हा पोतं पडलं, आणि त्यासोबत बी.ए.वरही.

बोलल्या त्या सासूबाई. "काऊन घरी राह्यल? दोन फेरे पुरे केले तिनं, एका पोट्टीचं तं चाकच फुसकन बसलं. हासाचे थे लोक आज हासले. उद्या काय नवीन हासतीन?"

रविवारी आम्ही चौघी रेघेवर उभ्या होतो. गर्दी दुप्पट; अर्धी नुसती मला पाहायला आलेली. "वहिनी, डबा आणला का संध्याकाळचा?" कुणीतरी विचारलं. सिस्टरनं वळून त्याला सुनावलं, "ए, लहान असताना टोचलं तेव्हा किती रडला होता ते सांगू का इथी?" मग मला हळूच म्हणाल्या, "आज मार बाई जोरात. मले एकटीले पुढं बोर होते."

शिट्टी झाली, आणि मी मारली. कशी मारली ते मलाही ठाऊक नाही. बांधीत खाली ओल होती, चाकं रुतत होती. सिस्टर पुढे, त्यांच्यामागे मी, बाकी दोघी मागे. धुरा आला. सिस्टर उतरल्या, सायकल हातानं ढकलू लागल्या. हातभर रुंदीवरून सायकलवर बसून कोण जाणार?

मी गेले. अहो, तीन वर्षं दुसरं काय केलं होतं मी? चाक एकदाही हललं नाही. दोन म्हशींच्या शिंगांमधून काढावी तशी सायकल सरळ काढली. सिस्टर बांधीत उतरून वाट देत म्हणाल्या, "वा वं पोरी." नाल्यातही पळाले, सायकल खांद्यावर, चपला हातात. दुसऱ्या फेऱ्यालाही तसंच. मैदानात शिरले तेव्हा माझ्या मागे पन्नास-साठ पावलांत कुणी नव्हतं. लोक आज खरोखर माझं नाव घेऊन ओरडत होते. मामाजी टोपी हातात घेऊन उभे राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले.

आणि समोर आली चुन्याची रेघ.

काय झालं ते मी आजवर स्वतःलाही समजावू शकलेली नाही. डोक्याला ठाऊक होतं, पुढे जायचं. बोटांना कोण सांगणार? रेघ दिसली आणि बोटांनी दोन्ही ब्रेक करकचून आवळले. रेघेच्या वीतभर अलीकडे माझी सायकल उभी राहिली. नुसती उभी नाही, सुंदर उभी. पाय पायडलवर, मान ताठ, तसूभर हालचाल नाही.

"अगं बाई, चाल!" हे ओरडले. मागून सिस्टरच्या सायकलीची खडखड जवळ येऊ लागली. मला सगळं कळत होतं, फक्त बोटं सुटत नव्हती.

"सूनबाई," मामाजी पहिल्यांदाच थेट माझ्याशी ओरडून बोलले, "ब्रेक सोड वं!"

मी दचकले. सासरे बोलले म्हणून सवयीनं डोक्यावरचा पदर सावरायला दोन्ही हात वर नेले, ब्रेक आपोआप सुटले, आणि मी सायकलसकट पुढे आडवी झाले. सिस्टर धापा टाकत आल्या तेव्हा माझं पुढचं चाक रेघेच्या पलीकडे गरगरत होतं आणि मी चुन्यात पालथी होते.

सरांनी वाकून नीट पाहिलं. चाक पलीकडे. पहिला नंबर. पडून आणलेला असला तरी पहिला.

गुलाल उधळला, सिस्टरनं मला कडेवर उचललं, बक्षीस म्हणून पाणी भरायचा स्टीलचा गुंड मिळाला. सासूबाई तो डोक्यावर घेऊन सगळ्या मंडईतून दोनदा फिरल्या. रात्री जेवण झाल्यावर मामाजी स्वतः गोठ्यात गेले. पोतं काढून सायकल पुसली, चाकांत हवा भरली, आणि तिथूनच मला विचारलं, "कालेज किती वाजता भरते?"

"अकराला," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे बोटांवर सात किलोमीटरचा हिशेब केला.

"मंग तू सहालेच निघत जाय."

मी काही विचारलं नाही. सोमवारी सहाला निघाले, आणि पावणेसातला ब्रह्मपुरीला कॉलेजच्या बंद फाटकासमोर जाऊन उभी राहिले.