सात नंबरचं शटर

“बंद दुकानाक तेल कित्याक लागतां, पपा? माका एकदा सांगा. एकदाच.”

“बंद आसा म्हणानच लागतां.”

“ह्यां उत्तर झालां?”

“तुझ्या प्रश्नाक ह्यांच उत्तर.”

सुमंगला उंबऱ्यात आडवी उभी होती. सकाळचे साडेसहा वाजले होते. साखळीहून पणजीला जाणारी तिची बस सातची. खांद्याला पर्स आणि हातात डबा. समोर तिचा बाप, बाबाजी. त्याच्या एका हातात तेलाची झारी, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा. दोघांनाही बाहेर पडायचं होतं आणि दोघंही एकमेकांची वाट अडवून उभे होते.

“गुरुदासबाबान कागद दिल्याक आठ दिस झाले. थय त्या खुर्चेर पडलो आसा. एक सही पपा, एक किल्ली. मगे पुढल्या महिन्यापासून मी चालत कामाक जातंय. धा मिनटा! आता रोज तीन तास माझे बशीत जातत. पावसात जनेल बंद होयना, उन्हात उघडना. पाच वर्सा झाली.”

“आणि कागदार काय लिवलां ता वाचलंस?”

“वाचलंय. सात नंबरचा दुकान अकरा वर्सा बंद, थय कोण फिरकूक नाय. ह्याच्यात खोटां काय?”

“मी फिरकलंय.”

“तुम्ही म्हणजे कोण नाय, पपा!”

बोलून गेली आणि तिनेच डबा छातीशी धरला. झारीतून तेलाचा एक थेंब उंबऱ्यावर पडला.

“सांजेक पाचांक गुरुदासबाब मापां घेवंक येतलो,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मी अर्धो दिस रजा टाकलंय. कागद मीच घेवन येतंय. तुम्ही फक्त पेन धरा.”

आणि बस चुकू नये म्हणून ती धावली.

बाबाजी साखळीचा शटरवाला. एकोणिसाव्या वर्षी दोडामार्गाकडून आला, तेव्हा बाजारातली निम्मी दुकानं लाकडी फळ्यांची होती. एकेका फळीवर खडूने आकडा घातलेला. सकाळी फळ्या काढायच्या, रात्री त्याच क्रमाने लावायच्या. बाबाजीने त्या फळ्या काढून पत्रा लावला. भुसारी नारायणशेट तेव्हा खवळून म्हणाला होता, “तुझ्या ह्या खडखडाटान गिरायक पळतलां रे!” पळालं नाही. उलट शटर वर गेल्याचा आवाज झाला की लोक म्हणायचे, बाजार उठला. घरात पडल्या पडल्या बाबाजी नुसत्या आवाजावरून सांगायचा, हे औषधवाल्याचं, हे सोनाराचं, आणि हे जे कण्हतंय ते पाववाल्या पदेराचं. पिठाने शटरची खाच बुजली असणार.

मग खाणीचा धंदा फुगला. रस्त्याने लाल धूळ उडवत टिपर पळायचे, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. कृष्णनाथशेटने खाणीच्या रस्त्याला दहा गाळ्यांची ओळ बांधली. टायरवाला, स्पेअर पार्टवाला, बॅटरीवाला, फोनचा बूथ. आणि सात नंबरला देवकीची खानावळ. चोपड्याची देवकी, नवऱ्यामागे एकटी. पातळभाजी, उंडे पाव आणि काळाकुट्ट चहा. दहाच्या दहा शटरं बाबाजीच्या हातची. त्या वर्षी त्याने पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी रंगवून घेतली.

खाणी बंद झाल्या आणि ती ओळ दोन वर्षांत एकेक करून मिटली. दुकानदार गेले ते जाताना किल्ली बाबाजीकडे देऊन गेले. गावात दुसरं कोण होतं? देवकी सगळ्यांत शेवटी गेली. किल्ली हातावर ठेवून म्हणाली, “शटर तेवडा बघ हां बाबाजी.” जाणारं माणूस काहीतरी बोलतं, तसं बोलली. बाबाजीने ते धरून ठेवलं.

आता हे धरून ठेवणं काय होतं ते सांगायला हवं. लोकांना वाटतं, बंद दुकान म्हणजे निजलेलं दुकान. तसं नसतं. शटरच्या पोटात वर स्प्रिंग असते. शटर वर गेलं की ती सैल होते, निवांत बसते. शटर खाली ओढलं की तिला पीळ पडतो. जितकं खाली, तितका जास्त. म्हणजे दुकान उघडं असतं तेव्हा स्प्रिंग विसाव्याला, आणि बंद असतं तेव्हा रात्रंदिवस दात आवळून उभी. अकरा वर्षं असं कोणी उभं राहील? एक तर तुटेल, नाहीतर गंजून तशीच थिजेल. म्हणून बाबाजी दर अमावास्येला जायचा. अमावास्येला नवीन काम कोणी काढत नाही, हात रिकामाच असतो. एकेक शटर पूर्ण वर न्यायचा, घटकाभर तसंच ठेवायचा, खाचेत तेल सोडायचा, पुन्हा खाली. आणि आतल्या भिंतीवर, खाचेच्या बाजूला, कानावरच्या निळ्या पेन्सिलीने तारीख टाकायचा. कारागिराची ती सवय. काम केलं की तारीख टाकायची.

महामारीच्या टाळेबंदीत पोलिसाने त्याला नाक्यावर धरलं.

“खय चाललास?”

“शटराक तेल घालूक.”

“दुकान उघडूक परवानगी नाय.”

“उघडूक नाय साहेब. बंदच आसा. सहा वर्सा.”

पोलिसाने काठी काखेत घातली, हसत सुटला आणि म्हणाला, “जा बाबा. रोगान मरशीत नाय तू, तेलान मरशीत.”

नंतर एकेक करून नऊ दुकानदारांनी गाळे सोडले, किल्ल्या परत नेल्या. उरली सात नंबरची. कृष्णनाथशेट आता नव्हता. त्याचा मुलगा गुरुदास त्या दहा गाळ्यांच्या मधल्या भिंती पाडून एकच मोठं सुपरमार्केट करणार होता, वातानुकूलित, सगळं काचेचं. म्हाताऱ्या शेटचा शब्द होता की नवीन इमारत झाली तर जुन्या भाडेकरूला त्यात जागा. नऊ जणांशी गुरुदासचं जुळलं. देवकीकडे तो गेलाच नाही. वकिलाने सोपी वाट सांगितली: गाळा टाकून दिलेला आहे, अकरा वर्षांत कोणी फिरकलं नाही, असं किल्ली सांभाळणाऱ्यानेच लिहून दिलं की जागा-बिगा द्यायचा प्रश्नच नाही. आणि त्या लिहून देण्याच्या बदल्यात सुमंगलाला तिथे नोकरी. सरळ बोललं गेलं नव्हतं. पण कागद आणि नोकरीचा अर्ज एकाच पाकिटात आले होते.

त्या दिवशीही अमावास्या होती. बाबाजीला सकाळी घरात बसवेना. रस्त्याला लागला, पण पाय ओळीकडे वळेनात. बाजारात गेला. कापडवाल्या यशवंतच्या जागी मागे मोबाइलचं दुकान आलं होतं, ते जाऊन मोमो आले होते, आता बघतो तर कुत्र्यांच्या खाण्याचं दुकान. कुत्रे मात्र बाहेरच, पायरीवर. पलीकडे नवीन मिठाईवाला, त्याला आपोआप सरकणारी काच. बाबाजी समोर उभा राहिला तशी काच उघडली. तो मागे सरला, मिटली. पुढे गेला, उघडली. आवाज नाही, पीळ नाही, काही नाही.

“काका,” आतून पोरगी म्हणाली, “येयात, नायतर जायात. एसी भायर जाता.”

तो गेला. डिचोलीच्या बशीत बसला, तिथून म्हापशाच्या, आणि मग शिवोलीच्या पुलावरून चोपड्याला. झारी हातातच राहिली होती. कंडक्टरने दोनदा विचारलं, ह्याच्यात पेट्रोल नाय मा रे?

देवकी नदीकाठच्या घरासमोर तिसऱ्यांच्या शिंपल्या फोडत बसली होती. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

“बाबाजी? अरे, मी म्हटलंय तू मेलंस.”

“नाय गे. कामार होतंय.”

“बस. काय काढलंस?”

त्याने सगळं सांगितलं. कागद, सुपरमार्केट, नवीन इमारतीतली जागा. ती ऐकताना तिसऱ्या फोडतच होती.

“माका जागा नको,” ती म्हणाली. “ढोपरां गेली. आता खानावळ घालतलंय? दी किल्ली त्येका.”

बाबाजीने झारी खाली ठेवली. मग म्हणाला, “शटर अजून एका हातान वर जाता.”

विळीवरचा तिचा हात थांबला.

“म्हणजे?”

“दर अमाशेक उघडतंय. तेल घालतंय. तू सांगितलं होतंस.”

“मी?” ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम चिडली. “मी कधी सांगितलंय? जाताना माणूस काय बोलता नि काय नाय! अकरा वर्सा मी मनात म्हणतंय, गंजलां असतलां, पडलां असतलां, सुटलंय एकदाची. आणि तू थय दर म्हयन्याक माझां दुकान उघडतस? कोणी सांगितलां तुका? कोणी तुका कपभर च्याय तरी दिल्यानी?”

“नाय.”

“मगे?”

नदीवरून एक होडी गेली, तिच्या लाटा काठाला लागून विरल्या. देवकीने एक तिसरी उचलली, पुन्हा ठेवली.

“कागदार काय लिवलां म्हणालंस?”

“अकरा वर्सात कोण फिरकूक नाय.”

“मगे तू कोण?” देवकी म्हणाली. “भूत?”

आणि हसली. खानावळीत हसायची तशी, डोकं मागे टाकून. बाबाजीला हसू आलं नाही. त्याने झारी उचलली.

“जेवन जा रे! तिसऱ्यांचां सुक्यां करतंय.”

“पाचांक पोचाक होया,” तो म्हणाला, आणि बशीकडे चालू लागला.

तो खाणीच्या रस्त्याला उतरला तेव्हा गुरुदास आधीच आला होता. सोबत माप घेणारे दोघे, लांब टेप घेऊन. टिपरांच्या जुन्या वजनकाट्यावर गुडघाभर गवत, त्याच्यापुढे ती दहा गाळ्यांची ओळ. नऊ शटरं आधीच काढून भिंतीला टेकवली होती. दात पडलेल्या तोंडासारखे गाळे उघडे, मध्ये एक सात नंबर. सुमंगला सावलीत कागद धरून उभी होती. कामावरून थेट आली होती, केसांत पिन तशीच.

“या बाबाजी!” गुरुदास मोकळेपणाने म्हणाला. “आम्ही म्हटलां, पळालंस काय तू.”

“चोपड्याक गेल्लंय, गुरुदासबाब.”

सुमंगलाने मान वर केली. “देवकीमायकडे? काय म्हणाली?”

“जागा नको म्हणाली.”

“बघा!” गुरुदासने टाळी वाजवली. “आता कसली अडचण? तिकाच नको. मी उगाच आठ दिस तुझ्या तोंडाकडे बघत होतो.”

“पपा,” सुमंगला जवळ आली. तिने पेन त्याच्या हातात दिलं, हलकेच, लहान मुलाच्या हातात देतात तसं. “आता तरी. कोणाचां कायच जायना. तिचां नाय, तुमचां नाय.”

बाबाजीने पेन घेतलं. बघितलं. खिशात ठेवलं. मग खाली वाकून कुलूप काढलं, कडीला हात घातला, आणि सात नंबरचं शटर वर गेलं. एका हाताने. खडखड करत नाही, नुसतं एक लांब सळसळ करत, जसं कोणी श्वास सोडावा. माप घेणाऱ्या दोघांनी टेप खाली ठेवला. त्या रस्त्यावर दिवसभरात ऐकलेला तेवढाच जिवंत आवाज होता.

आत काही नव्हतं. चुलीचा काळा डाग, एक मोडका बाक. आणि डाव्या भिंतीवर, शटरच्या खाचेला लागून, जमिनीपासून डोक्याच्याही वरपर्यंत निळ्या पेन्सिलीच्या तारखा. एकाखाली एक. जागा संपली तिथे बाजूला दुसरी रांग, मग तिसरी. काही धुळीने पुसट, काही कालच्यासारख्या.

“ह्यां काय?” गुरुदास पुढे झाला. वाचू लागला. एक तारीख, दुसरी, खालची, मग पुन्हा वरची. बोट भिंतीवरून फिरत राहिलं. “ह्यां कोणी...?”

माप घेणाऱ्यांपैकी एक म्हणाला, “साहेब, टाळेबंदीतलीसुद्धा तारीख आसा.”

“तू गप!”

सुमंगला दुसऱ्या रांगेसमोर उभी होती. तिच्या बारावीच्या निकालाचा दिवस तिथे होता. आई वारली त्याच्या पुढच्या अमावास्येचा होता. त्या दिवशी पपा कुठे गेले म्हणून ती सगळ्या वाड्यात शोधत फिरली होती.

बाबाजीने कानावरची निळी पेन्सिल काढली. शेवटच्या तारखेखाली आजची तारीख टाकली. जरा थांबला. मग तिच्याखाली, आजवर कधी लिहिलं नव्हतं ते, आपलं पूर्ण नाव लिहिलं. सावकाश, बॅंकेत सही करतात तसं, शेवटी रेघ ओढून.

सुमंगलाचं पेन त्याने खिशातून काढून तिच्या हातात परत दिलं. किल्ली आतल्या खिळ्याला अडकवली.

“बाबाजी, सही कागदार!” गुरुदास म्हणाला. “भिंतीर नाय! ती भिंत उद्या पाडूची आसा. ऐकतस मा रे? आणि ह्यां शटर? ह्यां असांच उघडां? कोण ओढतलो ह्यां?”

रस्त्यावरून साखळीची बस आली, गाळ्यांसमोर जरा रेंगाळली. जनेलातून चार डोकी बाहेर आली, उघडं दुकान बघून एकाने ओरडून विचारलं, “च्याय गावतली?”

“पपा,” सुमंगलाच्या एका हातात कागद, एका हातात पेन. “पपा, माझ्या सातच्या बशीचां काय? पपा, खय चाललात?”

बाबाजीने झारी उचलली आणि उघड्या शटराखालून बाहेर पडला, रस्त्याने, मागे न बघता.