बीटाचं शेवटचं पाणी

इजिप्तमधल्या कफ्र अल-शेखकडच्या त्या गावात साखरेचं बीट काढण्याआधी शेवटचं पाणी पाजायची रीत होती. मुळं फुगतात, काट्यावर वजन दिसतं, माणूस खूश. इन्साफनं मात्र काढणीच्या कितीतरी आधी पाणी तोडलं आणि गावाला चघळायला विषय मिळाला.

नवरा गेल्यापासून थोरला दीर, हाज अब्देल-जव्वाद, तिच्या शेतावर डोळा ठेवून होता. वडीलधाऱ्यांनी तोड काढली होती: यंदाचं बीट दिराच्या बीटापेक्षा सरस उतरलं तर शेत इन्साफनं कसायचं, नाहीतर दिरानं. कारखाना वजनाबरोबर साखरही बघायचा, आणि शेवटचं पाणी ती पातळ करतं; पण साखर कुणाला डोळ्यांनी दिसते?

शेजाऱ्यांची शेतं मोकळी झाली तरी ती थांबली. रोज एक मूळ उपटायची, चावून बघायची, पुन्हा थांबायची. लवकर काढलं तर साखर भरत नाही, उशीर झाला तर उन्हात मूळ सडतं. त्यातच खमसीनचा तापलेला वारा सुटला आणि पानांनी माना टाकल्या. तिचा जीव टांगणीला लागला होता.

काढणी दोन दिवसांवर आली आणि नेमकी कालव्याची पाळी आली. भाकरी घेऊन ती शेतावर पोचली, तर सऱ्यांतून पाणी पळत होतं. पाटाच्या बांधाचं दारं मोडून दीर फावडं धरून उभा.

"हे काय केलंत, हाज?"

"तुझं भलं केलं, उम्म फुआद!" लेकाच्या नावानं तिला हाक मारत तो म्हणाला. "पीक तहानेनं मरतंय. वजन भरलं नाही की माझ्याच नावानं रडशील."

तो खरंच भल्यासाठी बोलत होता की शेतासाठी, तिला कळेना. डोकं मात्र असं भडकलं, की भाकरी बांधावर टाकून ती सरळ त्या दाऱ्यात जाऊन बसली. पाणी कमरेला लागलं.

"ऊठ, बाई! लोक बघतायत."

"बघू देत. बघायला पैसे पडत नाहीत."

"वेड लागलं का तुला?"

"आधी मला उपटा, हाज. मग बीटाला हात लावा."

बांधावरच्या बायका खदखदून हसल्या. फावडं आपटून हाज तरातरा निघून गेला. त्याच फावड्यानं तिनं दारं बांधलं.

भिजलेल्या दोन सऱ्यांचं बीट तिनं ट्रॉलीत घातलंच नाही, म्हशीपुढे टाकलं. वजन आणखी घटलं. कारखान्याच्या आवारात नमुना तपासायला नेला. आपण हट्टापायी शेत घालवलं, असंच तिला वाटत होतं.

वजन दिराच्या बीटापेक्षा कमीच भरलं. साखर मात्र एवढी निघाली, की तपासनिसानं नमुना पुन्हा लावून बघितला. वजन आणि साखर मिळून उतारा तिचाच सरस ठरला, आणि वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या.

ट्रॉलीमागे हाज घुटमळत होता. खाली बघत म्हणाला, "पुढल्या साली पाणी कधी तोडायचं, तेवढं सांगशील?"

"सांगेन की. पण शेतावर येऊन विचारा, हाज. माझ्या शेतावर."