पितळी चकती

मिरजगावच्या हमरस्त्यावर एलिया मिस्त्रीचं गॅरेज, आणि गॅरेजात नऊ वर्षं त्याच्या जोडीला त्याची बायको लिडिया. एलियानं खोलायचं, लिडियानं एकेक भाग घासलेटात धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडायचा. खोलताना शेवटी निघालं ते जोडताना पहिलं. पुस्तकाची गरज दोघांनाही नव्हती.

बहात्तरच्या उन्हाळ्यात एक गोरं जोडपं आपली जुनाट गाडी रडतखडत घेऊन आलं. आत बिछाना, स्टोव्ह, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चाकांवरचं घरच ते. गिअर पडत नव्हता, पडला तर निघत नव्हता. असला गिअरबॉक्स एलियानं बापजन्मात पाहिला नव्हता, पण ‘जमणार नाही’ म्हणायला त्याची जीभ कधी वळलीच नाही. तीन दिवस जोडपं गाडीतच झोपलं.

चौथ्या दिवशी जुळणी चालली असताना लिडिया म्हणाली, “अवो, ही पितळी चकती उलटी बसतीया. खोलताना चऱ्यांची बाजू गिअरकडं हुती. तेल तितनंच जातं न्हवं?”

शेजारचा चहावाला गोरक्ष कप घेऊन उभाच होता. “मिस्त्री, पाना वैनीच्या हातात द्या! तुमी या माझ्याकडं च्या गाळायला!”

गोरा हसला. त्याला काय कळलं देव जाणे, पण हसला. एलियाची कानशिलं तापली.

“तू धुवायचं बघ. शानपना न्हाई पायजे.”

चकती तशीच बसली. गाडी निघाली ती लोण्यासारखी. एलियानं मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ट्रकनं तीच गाडी दोरीनं ओढत परत आणली. खोललं, तर चकती झिजून कागद झालेली, लगतचा गिअर जळून निळा पडलेला. असला गिअर आता विलायतेहूनच यायचा. जोडप्यानं पडदे काढून गाठोडं बांधलं, गाडी तिथंच सोडली आणि नगरची यष्टी धरली. गोरी बाई वळण येईपर्यंत मागं बघत होती.

“काय झालं वो मिस्त्री?” गोरक्षनं विचारलं.

जळकी चकती लिडियाच्या तळहातावर होती. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. एक वाक्य, एवढंच हवं होतं तिला.

“जुना माल,” एलिया म्हणाला. “पार पिठावानी हुता.”

लिडियानं चकती गोणपाटावर ठेवली, पदराला हात पुसले आणि घरची वाट धरली.

जेवताना एलिया खाली मान घालून म्हणाला, “तुझंच खरं हुतं, लिडे.”

“मला ठावं हाय की.” तिनं भाकरी वाढली. “मला कशाला सांगताय?”

तो हात धुऊन उठला. उंबऱ्यापाशी चपला घातल्या, गोरक्षच्या टपरीकडं जायला एक पाऊल टाकलं, आणि चपला काढून ठेवल्या.

तेव्हापासून घासलेटात एलियाचेच हात असतात. लिडिया दुपारी डबा आणते, गॅरेजच्या पायरीवर ठेवते आणि तिथूनच माघारी फिरते.